शाश्वत रसायन आणि जैवतंत्रज्ञानाची तोंडओळख: पहिल्या तासाला काय शिकवावं?

आर्द्रा
नमस्कार. पुढच्या सत्रात रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान अशा दोन्ही शाखांच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शाश्वततेचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवायचा आहे. आखणी माझ्याकडे आहे, म्हणून इथल्या जाणकारांशी बोलावंसं वाटलं.

असे अभ्यासक्रम बहुतेक एकाच वाटेने जातात. आधी १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या, मग पर्यावरण-समाज-अर्थ हे तीन खांब, मग संयुक्त राष्ट्रांची २०१५ची १७ उद्दिष्टं, मग अनास्टास आणि वॉर्नर यांनी १९९८ साली मांडलेली हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं. एवढ्यात निम्मं सत्र सरतं. मुलं याद्या घडाघडा म्हणून दाखवतात, पण एकच पदार्थ बनवायचे दोन मार्ग समोर ठेवून 'यातला बरा कोणता आणि का' असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

माझं मत असं की पहिल्याच तासाला हिशोब घ्यावा. आत किती गेलं, कामाचं किती निघालं, बाकीचं कुठे गेलं. व्याख्या आणि तत्त्वं त्यानंतर, गरज पडेल तशी. तुम्हाला काय वाटतं? आणि पहिल्या वर्षाला झेपतील अशी उदाहरणं कोणती घ्यावीत?

गारगोटी
पूर्ण सहमत. औषधनिर्मितीत प्रक्रिया विकसित करण्याचं काम करतो, त्यामुळे हा विषय रोजचाच.

प्रयोगवहीत 'उत्पादन ८५ टक्के' असं लिहिलं की विद्यार्थ्याला काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण हे ८५ टक्के कशाचे? त्यात द्रावक धरलेलं नसतं. थर वेगळे करताना तीनदा वापरलेलं डायक्लोरोमिथेन नसतं, वाळवायला टाकलेलं सोडियम सल्फेट नसतं, कॉलममध्ये भरलेली सिलिका नसते. बाटलीच्या तळाशी दोन ग्रॅम पांढरी पूड येते आणि बाजूला टाकाऊ द्रावकाचा कॅन अर्धा भरलेला असतो. मुलांना तो कॅन तराजूवर ठेवायला लावा.

रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली ई-फॅक्टर मांडला तो याचसाठी: १ किलो मालामागे किती किलो कचरा. तेलशुद्धीकरणात तो ०.१ च्याही खाली असतो, मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांत १ ते ५, सूक्ष्म रसायनांत ५ ते ५०, आणि औषधांत २५ ते १०० किंवा त्याहून जास्त. शेवटचा आकडा ऐकल्यावर वर्ग जागा होतोच. औषधांच्या कचऱ्यात सगळ्यात मोठा वाटा द्रावकांचा असतो, हेही त्याच तासाला सांगा.

पाणकणीस
मी असाच अभ्यासक्रम गेल्या वर्षी विद्यार्थिनी म्हणून केला. आज मला १२ पैकी ७-८ तत्त्वं आठवतील, पण विटिग अभिक्रियेचा हिशोब जसाच्या तसा आठवतो.

सायक्लोहेक्झॅनोन, रेणूभार ९८. त्यात फॉस्फरसचं यलाइड, रेणूभार २७६. एकूण ३७४ आत. बाहेर येतं मिथिलीनसायक्लोहेक्झेन, ९६. उरलेले २७८ म्हणजे ट्रायफेनिलफॉस्फीन ऑक्साइड. एक ऑक्सिजन काढून तिथे एक सीएच-टू बसवण्यासाठी तीन बेंझिन वलयं आणि एक फॉस्फरस खर्ची! अ‍ॅटम इकॉनॉमी, म्हणजे आत गेलेल्या वजनापैकी मालात उतरलेला वाटा, जेमतेम २६ टक्के. आणि हे अभिक्रिया १०० टक्के पूर्ण झाली असं धरून. सरांनी एवढंच फळ्यावर लिहिलं आणि 'हिला नोबेल मिळालेलं आहे' असं सांगितलं. वर्गात जी चर्चा पेटली ती तास संपला तरी थांबेना.

आर्द्रा
पाणकणीस, हे उदाहरण घेतलंच म्हणून समजा. बॅरी ट्रॉस्ट यांची अ‍ॅटम इकॉनॉमीची कल्पना १९९१ची, म्हणजे तत्त्वांच्या यादीच्या आधीची. त्या क्रमानेच शिकवता येईल.

उंबरठा
मी जरा उलट बोलतो. हिशोब हवाच, पण पहिल्या तासाला नको. नुसत्या वजनाच्या हिशोबाने मुलांच्या मनात एक चुकीची समजूत पक्की होते की कमी कचरा म्हणजे चांगलं रसायन.

क्लोरोफ्लुओरोकार्बनचं पाहा. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले वायू भरत. गळती झाली की माणसं मरत. मग थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी सीएफसी आणले. विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, कशाशी अभिक्रिया करत नाहीत. त्या काळच्या कोणत्याही कसोटीवर पैकीच्या पैकी गुण. आणि हाच टिकाऊपणा नडला. खाली कशानेच न मोडणारा रेणू वर स्थितांबरात पोचतो, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतो, आणि सुटलेला क्लोरीन ओझोनचे हजारो रेणू मोडत राहतो. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ साली दाखवलं, माँट्रियल करार १९८७ साली झाला.

ई-फॅक्टर शून्य आला असता तरी यातलं काही कळलं नसतं. म्हणून आधी 'हा रेणू वापरून झाल्यावर जातो कुठे' हा प्रश्न. कारखान्याच्या फाटकाबाहेरचा. किलो-ग्रॅम नंतर.

मृद्गंध
उंबरठा यांना +१. विघटनासाठी रचना करणं हे दहावं तत्त्व आहे आणि नेमकं तेच घाईघाईत उरकलं जातं.

गारगोटी
उंबरठा, मुद्दा बिनतोड. वजन सगळं सांगत नाही हे शेल्डन यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ई-फॅक्टरला कचऱ्याच्या उपद्रवाच्या गुणकाने गुणायला सुचवलं होतं. साधं मीठ १ धरलं तर जड धातूंच्या क्षारांना १०० ते १०००. गुणक किती धरायचा याला पक्का आधार नाही, वाद होतात. पण तो वाद वर्गात झालेला मला चालेल. वाद घालण्यापुरते तरी आकडे हातात हवेत.

सोनसळी
सगळी चर्चा रसायनवाल्यांचीच चालली आहे, म्हणून जैवतंत्रज्ञानाच्या बाजूने येते. आमच्या मुलांची अडचण निराळी. ती वर्गात येतात तीच 'आपण जिवाणू आणि यीस्ट वापरतो, म्हणजे आपण आधीच हिरवे' अशा खात्रीने. हा समज पहिल्याच आठवड्यात हलवायला हवा, आणि त्यासाठी तोच हिशोब कामी येतो.

ग्लुकोजपासून इथेनॉल. १८० ग्रॅम आत, ९२ ग्रॅम इथेनॉल, ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. यीस्टने कितीही मन लावून काम केलं तरी ५१ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. विटिगला हसणाऱ्यांनी हेही फळ्यावर लिहावं.

दुसरं उदाहरण आर्टेमिसिनिनचं. मलेरियावरच्या या औषधाचा पूर्वगामी, आर्टेमिसिनिक आम्ल, यीस्टकडून बनवून घेण्याचं काम जे कीसलिंग यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. वर्षानुवर्षं जनुकांची जुळवाजुळव केल्यावर २०१३ साली लिटरमागे २५ ग्रॅमचा पल्ला गाठला. किण्वनाच्या, म्हणजे यीस्टने आंबवण्याच्या, मानाने हा उत्तम आकडा. पण एक लिटर म्हणजे साधारण हजार ग्रॅम, आणि त्यात २५ ग्रॅम माल! उरलेलं पाणी, पेशी, क्षार. ते पाणी आधी वाफेने निर्जंतुक करायचं, मग थंड करायचं, दिवसेंदिवस ढवळत त्यात हवा सोडायची, शेवटी त्यातून माल वेगळा काढायचा आणि सांडपाणी शुद्ध करायचं. किण्वन ३० अंशांना चालतं हे खरं, पण ऊर्जा या आधीच्या-नंतरच्या कामांत जाते.

आणखी एक गंमत सांगते. यीस्ट आर्टेमिसिनिक आम्लापर्यंत आणून सोडतं. पुढचं आर्टेमिसिनिन रसायनशास्त्रानेच बनतं, सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त ऊर्जेचं रूप, वापरून. दोन्ही शाखांची मुलं एका बाकावर बसवायला याहून चांगलं निमित्त नाही.

तिरीप
सोनसळी, पाण्याचं पटलं, पण जैव म्हणजे नेहमी पातळच असं मुलांना वाटायला नको. सिटाग्लिप्टिन या मधुमेहावरच्या औषधाचं उदाहरण जोडा. आधीच्या मार्गात एका पायरीला ऱ्होडियमचा उत्प्रेरक आणि दाबाखालचा हायड्रोजन लागे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी तिथे ट्रान्सअमिनेज हे विकर (एन्झाइम) आणलं. मूळ विकराच्या खोबणीत हा रेणू मावतच नव्हता, म्हणून आधी खोबण रुंद केली, मग एकेक फेरीत बदल घडवत, निवडत पुढे गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कामात ते विकर लिटरमागे २०० ग्रॅम पदार्थावर काम करत होतं, तेही निम्मं डीएमएसओ हे द्रावक असलेल्या मिश्रणात! एकूण कचरा १९ टक्क्यांनी उतरला, ऱ्होडियम गेलं, उच्च दाबाची उपकरणं गेली.

विकरांना अशी उत्क्रांती घडवायची पद्धत रुजवल्याबद्दल फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. रसायनशास्त्राच्या, हे मुलांना आवर्जून सांगा.

सोनसळी
तिरीप, हे घ्यायलाच हवं. २५ आणि २०० हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहिले की 'जैव' हा एकच डबा नाही हे आपोआप दिसेल.

कवडसा
अवांतर विचारू का? पॉलिलॅक्टिक आम्लाचे पेले 'विघटनशील' म्हणून मिळतात. ते मातीत पुरले तर खरंच विरघळतात?

मृद्गंध
कवडसा, सहजी नाही. औद्योगिक कंपोस्टमध्ये तापमान ५८ अंशांच्या आसपास आणि ओल भरपूर असते, तिथे काही महिन्यांत होतं. या प्लास्टिकची साखळी साधारण ६० अंशांच्या खाली ताठर असते, त्यामुळे थंड मातीत किंवा समुद्रात पाण्याने ती तुटण्याचा वेग फार मंद. वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं.

आणि दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. कशापासून बनलं हा एक प्रश्न, शेवटी काय होतं हा दुसरा. उसाच्या इथेनॉलपासून बनवलेलं पॉलिइथिलीन वनस्पतीजन्य आहे, पण विघटन अजिबात होत नाही. पीबीएटी हे प्लास्टिक बहुतांशी खनिज तेलातून येतं आणि कंपोस्टमध्ये विघटित होतं.

कवडसा
म्हणजे पेल्यावर काय छापलंय यापेक्षा तो कुठे टाकणार हे महत्त्वाचं. धन्यवाद, हे मला कुणीच इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

तिरीप
मग पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, खाणाऱ्या त्या जिवाणूचं काय? जपानच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली कळवलेला इडिओनेला साकायेन्सिस. त्यावर आठ प्रतिसाद लिहायची माझी तयारी आहे.

पाणकणीस
या धाग्याचा ई-फॅक्टर औषधांच्या पंक्तीला जाऊन बसायच्या आत कुणीतरी मूळ प्रश्नाकडे वळवा हो! :)

हरिणपाडस
वळवतो. पण त्याआधी प्रतिबंध हा उपचारापेक्षा बरा, या पहिल्या तत्त्वावर एक गाठ सोडवायला देतो. हे उदाहरण अभ्यासक्रमात असावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते सोयीचं नाही.

नायलॉन ६,६ साठी अ‍ॅडिपिक आम्ल लागतं. ते सायक्लोहेक्झॅनॉल-सायक्लोहेक्झॅनोनच्या मिश्रणाचं नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकरण करून बनवतात, आणि त्यात नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ करतो, शिवाय ओझोनलाही मारक. १९९० च्या दशकात हे ध्यानात आल्यावर दोन दिशांनी काम झालं.

एक दिशा सुरेख. कॅरेन ड्राथ्स आणि जॉन फ्रॉस्ट यांनी जनुकं बदललेल्या जिवाणूंकडून ग्लुकोजपासून म्युकोनिक आम्ल बनवून घेतलं आणि त्याला हायड्रोजन जोडून अ‍ॅडिपिक आम्ल केलं. बेंझिन नको, नायट्रिक आम्ल नको. अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रपती पुरस्कार त्यांना १९९८ साली मिळाला.

दुसरी दिशा रुक्ष. बड्या उत्पादकांनी धुराड्याआधी भट्टी किंवा उत्प्रेरक बसवला आणि नायट्रस ऑक्साइड मोडून नायट्रोजन आणि ऑक्सिजन सोडला. मूळ प्रक्रिया तीच, नळाच्या तोंडाशी उपचार. पाठ्यपुस्तक ज्याला कमी प्रतीचा उपाय म्हणतं तो हाच.

प्रत्यक्षात उत्सर्जन घटवलं ते या दुसऱ्या उपायाने. जगातलं बहुतेक अ‍ॅडिपिक आम्ल आजही नायट्रिक आम्लानेच बनतं. माझं म्हणणं पहिलं तत्त्व चूक आहे असं नाही. जिथे भट्टी बसवली नाही किंवा बंद ठेवली तिथे वायू सुटतोच, आणि प्रतिबंध केला असता तर तो धोकाच उरला नसता. पण सुरेख मार्ग तयार होईपर्यंत वातावरण थांबत नाही. मुलांनी दोन्ही बाजू मांडायला शिकावं.

उंबरठा
हरिणपाडस, फार मोलाचं लिहिलंत. यात जीवनचक्राचाही धडा आहे. ग्लुकोज शेतातून येणार, शेताला नत्रखत लागणार, आणि खत घातलेल्या जमिनीतून पुन्हा नायट्रस ऑक्साइडच सुटणार. शिवाय ते नत्र हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणाऱ्या हाबर-बॉश प्रक्रियेतून येतं: ४०० ते ५०० अंश तापमान, हवेच्या शंभराहून अधिक पट दाब, आणि जगाच्या एकूण ऊर्जेतला एक ते दोन टक्के वाटा. हिशोबाची कुंपणरेषा कारखान्याभोवती आखली तर जैवमार्ग स्वच्छ दिसतो, शेतापर्यंत नेली की चित्र बदलतं.

म्हणून पुन्हा तेच म्हणतो, आधी रेषा कुठे आखायची ते शिकवा.

सोनसळी
द्विदल पिकांच्या मुळांवरचे जिवाणू हेच काम साध्या तापमानाला करतात, असं माझा एखादा विद्यार्थी लगेच म्हणेल. खरं आहे. पण नायट्रोजनच्या एका रेणूमागे त्यांनाही किमान १६ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) मोजावे लागतात. फुकट कुणालाच मिळत नाही.

आर्द्रा
सगळं टिपून घेते आहे. उंबरठा, तुमचा आग्रह मला पटू लागला आहे, पण पहिल्याच दिवशी कुंपणरेषा म्हटलं तर मुलांना ती कशाभोवती आखायची तेच कळणार नाही. आधी एखादी ठोस प्रक्रिया हातात द्यायला हवी, जिच्यात वजनाचा हिशोब एक उत्तर देईल आणि दुसरा प्रश्न विचारला की तेच उत्तर डळमळेल. असं एकच उदाहरण कुणाला सुचतं का?

गारगोटी
आयबुप्रोफेन, हे वेदनाशामक औषध. पाठ्यपुस्तकात घासून गुळगुळीत झालेलं आहे, पण बहुतेक जण ते अर्ध्यावर सोडतात.

जुना मार्ग ६ पायऱ्यांचा, अ‍ॅटम इकॉनॉमी ४० टक्के, वर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा ओला गाळ. नवा बीएचसी मार्ग (कंपनीच्या नावावरून) ३ पायऱ्यांचा. हिशोब मुलांनाच करू द्या: आयसोब्युटिलबेंझिन १३४, अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड १०२, हायड्रोजन २, कार्बन मोनॉक्साइड २८. बेरीज २६६. बाहेर आयबुप्रोफेन २०६ आणि अ‍ॅसिटिक आम्ल ६०. म्हणजे ७७ टक्के, आणि अ‍ॅसिटिक आम्ल परत मिळवून वापरलं तर जवळजवळ काहीच वाया नाही. वर्ग नव्या मार्गाला कौल देईल.

मग सांगा की पहिल्या पायरीला उत्प्रेरक आणि द्रावक म्हणून निर्जल हायड्रोजन फ्लोराइड वापरतात, आणि तिसऱ्या पायरीला कार्बन मोनॉक्साइड. हायड्रोजन फ्लोराइड परत मिळवून पुन्हा वापरतात, म्हणून कचऱ्याच्या रकान्यात तो दिसत नाही. पण त्याची वाफ फुफ्फुसं जाळते, आणि त्वचेवर पडला तर आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतो. आता कौल कुणाला?

उंबरठा
हे हवं होतं! इथेच साठ्याचा मुद्दा येतो. १९८४ साली भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट गळलं. तो काही अंतिम माल नव्हता, मधला टप्पा होता आणि टाकीत साठवून ठेवलेला. तेच कीटकनाशक, कार्बारिल, तो टप्पा टाळूनही बनवता येतं: आधी नॅफ्थॉल आणि फॉस्जीन, मग मिथिलअमिन. अर्थात फॉस्जीन दोन्हीकडे आहेच. जे जवळ नाहीच ते गळणार नाही, हे सुरक्षा अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ यांनी १९७८ सालीच बजावलं होतं. कोणत्याही टक्केवारीत ही गोष्ट बसत नाही, आणि मुलांनी ती पहिल्या दिवशी ऐकायला हवी.

पहिला तास असा होणार असेल तर हिशोबाने सुरुवात करायला माझी हरकत नाही.

पाणकणीस
विद्यार्थिनी म्हणून एक विनंती. मार्गांना 'जुना' आणि 'नवा' अशी नावं देऊ नका. नाव ऐकताच आम्ही उत्तर ओळखतो. नुसतं 'क' आणि 'ख' द्या.

आर्द्रा
पाणकणीस, मान्य.

तर पहिला आठवडा असा करते. आयबुप्रोफेनचे दोन मार्ग, 'क' आणि 'ख', रेणूभारांसकट. एक रसायनवाला आणि एक जैववाला अशा जोड्या. आधी टक्केवारी, त्यावर लेखी कौल. मग हायड्रोजन फ्लोराइडचं सुरक्षापत्रक हातात, आणि दुसऱ्यांदा कौल. ज्यांचं मत बदललं त्यांनी कारण लिहायचं, ज्यांचं बदललं नाही त्यांनीही. १२ तत्त्वं तिसऱ्या आठवड्यात, आणि ती मुलांनी आपल्या कारणांशी ताडून पाहायची. सीएफसी दुसऱ्या आठवड्यात, अ‍ॅडिपिक आम्ल आणि जीवनचक्र सत्राच्या मध्यावर, सिटाग्लिप्टिन आणि आर्टेमिसिनिन एकत्र.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शेल्डन यांच्या मूळ ई-फॅक्टरमध्ये पाणी धरत नाहीत. रसायनवाल्या मुलांना ते सोयीचं पडतं, पण किण्वनाचा हिशोब पाण्याशिवाय केला तर तो खोटा वाटतो. मिश्र वर्गाला एकच पट्टी कोणती द्यावी?

सोनसळी
दोन्ही आकडे मागा, पाणी धरून आणि पाणी सोडून, आणि शेजारी पाणी कशासाठी वापरलं ते लिहायला लावा. थंड करायला फिरवलेलं आणि पेशींसकट सांडपाण्यात गेलेलं पाणी एकाच रकान्यात नको.

गारगोटी
आणि द्रावकाचंही तसंच. परत मिळवलं असं लिहिलं असेल तर किती टक्के मिळालं आणि ते उकळवायला ऊर्जा किती लागली, हा रकाना रिकामा ठेवायची मुभा देऊ नका. तक्ता तयार झाला की इथे टाका, मी आमच्याकडच्या नव्या मुलांना भरायला देतो.